दसऱ्याआधीचे सहा शनिवार : ऊसतोडीच्या गावातला कोडिंगचा वर्ग

जुलैत सहावी-सातवीच्या एकत्र वर्गात २७ मुलं होती. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी छोट्या संगणकांची पेटी घेऊन गेले, तेव्हा १६ होती. बाकीची ११ आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली. ज्या पेटीसाठी मी त्यांना चार महिने थांबवलं, ती उघडताना त्यांनी पाहिलीच नाही. हे लिहायला बसले ते या अकरा जणांमुळे.

गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगेतलं, माझं आजोळ. जमीन थोडी, पाणी त्याहून थोडं. कापूस, सोयाबीन, तूर एवढी खरिपाची पिकं, आणि दसरा झाला की निम्मं गाव कारखान्यांच्या वाटेला. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. मी संभाजीनगरला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं, त्यावर शहरातल्या शाळांत महागडे वर्ग सुरू झाले, आणि आजोळच्या मुलांना याचा वाराही लागणार नाही हे मला बघवेना. मुख्याध्यापकांना भेटले. शनिवारी सकाळची शाळा असते; महिन्यातले दोन शनिवार, शेवटचे दीड तास मला मिळाले.

पहिला शनिवार

संगणकाच्या खोलीत पाच संगणक होते, त्यांतले तीन चालू. मी पेनड्राइव्हवर स्क्रॅच नेलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं आणि २००७ पासून सगळ्यांना फुकट खुलं असलेलं हे साधन. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की पडद्यावरची मांजर त्याप्रमाणे हलते. इंटरनेट नसलं तरी चालतं.

तीन संगणक आणि २७ मुलं, म्हणजे एकेका पडद्यापुढे नऊ जण. माऊस ज्याच्या हाती पहिल्यांदा गेला त्याच्याच हाती राहिला, आणि तिन्ही ठिकाणी तो मुलगाच होता. मुली मागच्या रांगेत टाचा उंचावून बघत होत्या. चाळीस मिनिटांनी लाइट गेली. तीन मुलांनी मांजर हलवली, चोवीस मुलांनी ती हलताना पाहिली.

लाइट गेल्याचं मला फारसं वाटलं नाही, ती इथं जातेच. माझी चूक तीन माउसांची होती. निघताना वर्गाच्या बाई म्हणाल्या, “ताई, यांना मैदानावर न्या. तिथं कुणाला मागं उभं राहावं लागत नाही.” त्या वर्षात मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

फक्कीचं मैदान

कबड्डीच्या मैदानासाठी आणलेली फक्की शाळेत उरली होती. दुसऱ्या शनिवारी मुलांनीच तिनं सहा बाय सहाचे चौकोन आखले. घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगितल्या होत्या, त्यांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. सूचना तीनच: ‘एक घर पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’. एका मुलानं यंत्र व्हायचं. यंत्र बोलत नाही, अंदाज बांधत नाही, चिठ्ठीवर लिहिलं तेवढंच करतं. एका कोपऱ्यात घागर ठेवली. गटानं सगळ्या चिठ्ठ्या आधी लिहून द्यायच्या आणि मग तोंड मिटून बघायचं.

पहिल्या गटाचं यंत्र दोन घरं पुढे गेलं, उजवीकडे वळलं आणि तिथंच गोल गोल फिरायला लागलं. गट ओरडायला लागला, “ताई, ती वळलीय पण जाईनाच!” चिठ्ठ्या पाहिल्या. ‘उजवीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’. मुलांचं काहीच चुकलं नव्हतं. आपण पाहुण्याला ‘मारुतीच्या देवळापाशी उजवीकडे वळा’ सांगतो, तेव्हा वळून पुढे चालायचं हे त्यात आलेलंच असतं. माणसाला ते कळतं, यंत्राला कळत नाही. वळणं वेगळं आणि जाणं वेगळं, हे त्या दिवशी २७ जणांना एकदम समजलं. मी फळ्यावर महिनाभर लिहिलं असतं तरी ते इतकं पक्कं झालं नसतं.

दुसऱ्या गटाचा घोळ निराळा होता. ते यंत्राच्या समोर तोंड करून बसलेले, त्यामुळे त्यांची उजवी ती यंत्राची डावी. भांडण सुरू झालं. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी उठली, यंत्राच्या मागे जाऊन त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली, आणि एक एक पाऊल त्याच्याबरोबर टाकत चिठ्ठ्या नव्यानं लिहायला लागली. १९६७ साली सिमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फर्झाइग यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा केली. तिच्यात पुढे सूचनांनी चालणारं कासव आलं. कासवाला कुठं वळवायचं हे कळेना, तर स्वतः कासव व्हा आणि चालून बघा, असं पॅपर्ट मुलांना सांगत. या मुलीला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते सुचलं.

मग चौकोन. पुढे-वळ, पुढे-वळ करत आठ चिठ्ठ्या लागल्या. “हेच चार वेळा कर म्हणलं तर?” एकानं विचारलं. ‘चार वेळा’ची नवी चिठ्ठी झाली आणि आठाच्या तीन झाल्या. कोळप्याला जुंपलेल्या बैलाला प्रत्येक तासाच्या, म्हणजे ओळीच्या, शेवटी नव्यानं शिकवावं लागत नाही, तो तास संपला की वळतो, असं एका मुलानं समजावून सांगितलं. यातून बाईंनी त्या चिठ्ठीला नाव दिलं ‘फेरा’. त्याचा लूप हा इंग्रजी शब्द मी पुढे वर्षभर वापरला नाही, गरजच पडली नाही.

बोंडातली अळी

प्रोग्रॅममधल्या चुकीला बग म्हणतात, म्हणजे किडा, असं मी तिसऱ्या शनिवारी सांगितलं. कापूसवाल्या घरातला एक मुलगा म्हणाला, “किडा नाही ताई, अळी. बोंडातली.” २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा ही मुलं लहान होती, पण घरात ते बोलणं अजून निघतं. बोंड वरून हिरवंगार, टणक दिसतं, आणि फोडलं की आत सरकी खाल्लेली. प्रोग्रॅमचंही तसंच: चिठ्ठ्यांची चळत नीट दिसते, चालवून बघितल्याशिवाय आतलं कळत नाही. तेव्हापासून आमच्या वर्गात कुणी ‘चुकलं’ म्हणेना. ‘अळी कुठंय?’ एवढंच विचारायचे.

या एका शब्दानं वर्गाची हवा पालटली. चूक ही करणाऱ्याची असते, तिला छडी असते, हसणं असतं. अळीचं तसं नसतं. अळी कुणाच्याही बोंडात निघते, आणि शोधून काढणाऱ्याचं कौतुक होतं. मागच्या रांगेतल्या मुली पुढे आल्या त्या इथं.

शोधायची युक्ती पुन्हा त्याच सहावीतल्या मुलीनं काढली. सोळा चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम होता आणि यंत्र भलत्याच घरात पोचत होतं. इतर मुलं पहिल्या चिठ्ठीपासून एकेक तपासत होती. ती म्हणाली, आठव्या चिठ्ठीवर थांबवा. तिथपर्यंत बरोबर असेल, तर अळी पुढच्या आठांत. मग चारावर, मग दोनावर. चार वेळा बघून अळी हातात. आम्ही कंपनीत दोन महिन्यांच्या बदलांमधून एक बिघाड शोधायला बसतो, तेव्हा नेमकं हेच करतो.

चौथ्या-पाचव्या शनिवारी ठिपक्यांची कार्डं केली: १, २, ४, ८ आणि १६ ठिपके. हा खेळ न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्यासाठी रुजवला. कार्ड उघडं किंवा पालथं, एवढंच करून पाच कार्डांत ० ते ३१ पर्यंतचा कोणताही आकडा दाखवता येतो. वर्गात २७ जण, म्हणजे प्रत्येकाचा हजेरी क्रमांक बसला. बाईंनी त्या दिवशी हजेरी अशीच घेतली. शेवटच्या मुलानं १६, ८, २ आणि १ उघडी ठेवली, ४ पालथं घातलं आणि ‘हजर’ म्हणाला.

पेटी दिवाळीनंतर

आता माझ्या निर्णयाबद्दल. माझ्याकडे दहा मायक्रोबिट होते. तळहाताहून लहान संगणकाची पट्टी, तिच्यावर पाच बाय पाच दिव्यांचा चौकोन, दोन बटणं, आणि दोन बारक्या सेलवर चालणारी. बीबीसीनं २०१६ साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांसाठी ती आणली. लाइट असो-नसो, चालतेच. पहिल्या शनिवारच्या फजितीवर खरं उत्तर तेच होतं. तरी मी पेटी बंद ठेवली. आधी मैदान, मग कागद, मग कार्डं, आणि पाया पक्का झाला की दिवाळीनंतर पेटी, अशी माझी उतरंड. मुलांनी विचारलं की मी सांगायची, “दिवाळीनंतर.”

ऑगस्टमध्येच बाई म्हणाल्या होत्या की दिवाळीनंतर वर्ग निम्म्यावर येतो. मी ते ऐकलं, वहीत ‘हजेरी कमी होईल’ असं लिहिलं, आणि क्रम होता तसाच ठेवला. त्या वाक्याचा अर्थ मला कळायला हवा होता. मी या गावची भाची आहे. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की हंगामाला जावंच लागतं, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळायला, भाकरी टाकायला कुणीतरी लागतं, हे मला लहानपणापासून ठाऊक. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं, काही मुलं आजीपाशी राहतात. पण जरा जाणत्या झालेल्या मुली बहुतेक आईबरोबरच जातात. जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. अर्धवट राहिलेला आमचा वर्ग त्यांना तिकडे कुठं मिळणार?

सहाव्या शनिवारी वर्गात चुळबुळ होती. कुणाची टोळी कोल्हापूरकडे, कुणाची कर्नाटकात. मी घाईघाईनं पुड्या बांधल्या: ठिपक्यांची पाच कार्डं, वीस चिठ्ठ्या, एक शंभरपानी वही. अकरा पुड्या. त्या सहावीतल्या मुलीनं पुडी घेतली आणि विचारलं, “ताई, पेटीतलं ते आम्ही आल्यावर?” मी हो म्हणाले.

कुंडीतले खिळे

दिवाळीनंतर १६ मुलांनी पेटी उघडली. पहिल्या तासात त्यांनी दिव्यांवर रांगोळ्या काढल्या. पाच ठिपके पाच ओळी ही मांडणी मुलींना नवी नव्हती. कोणता दिवा पेटवायचा हे त्या वहीत ठिपके देऊन ठरवत आणि मग माझ्या लॅपटॉपवर ठोकळे लावत. ‘फेरा’ पडद्यावर भेटला तेव्हा कुणाला समजावावं लागलं नाही. इथपर्यंत माझा पाया खरंच कामी आला, हे नमूद करायला हवं.

मग कुंडी. शाळेच्या परसबागेतल्या मेथी-पालकाला पाणी कधी घालायचं, हे मायक्रोबिटनं सांगायचं. दोन लोखंडी खिळे मातीत रोवायचे, एकाला वीज द्यायची आणि दुसऱ्यावर ती किती पोचते ते मोजायचं. ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरडीतून कमी. यंत्र ० ते १०२३ मधला आकडा दाखवतं. पाणी घातलेली आणि न घातलेली अशा दोन कुंड्यांत आकडे बघून मुलांनी मधली सीमा ठरवली: आकडा तिच्याखाली गेला तर रडका चेहरा, नाहीतर हसरा. ‘जर-तर’ची चिठ्ठी अशी आली. सतत वीज दिली तर ओल्या मातीत खिळे लवकर गंजतात, म्हणून मोजायच्या क्षणापुरतीच वीज सोडायची, हेही मुलांनी प्रोग्रॅममध्ये घातलं.

दोन आठवडे छान चाललं. जानेवारीत एका कुंडीनं रडका चेहरा धरला. पाणी घातलं, थोडा वेळ हसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा रडकी. बोट घालून बघावं तर माती आत ओली. मुलांनी प्रोग्रॅम अर्ध्यावर तोडून तपासला. मी वायरी बदलल्या, सेल बदलले. मला वाटत होतं दोष पट्टीतच आहे, आणि तसं मी बोलूनही गेले. कापूसवाल्या घरातला तो मुलगा कुंडीवर ओणवा झाला आणि बराच वेळ तसाच राहिला. “ताई, अळी मातीत हाय.” काळी भारी माती वाळायला लागली की आकसते, तिला भेगा पडतात, इथल्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा सगळ्यांनी पाहिलेल्या. कुंडीतली माती वरच्या थरात वाळून खिळ्यापासून सुटली होती. आत ओल होती, खिळ्याला ती लागतच नव्हती. त्यानं खिळे खोल दाबले, भोवतीची माती थापली, चेहरा हसला.

परदेशी पुस्तकांतल्या बागेच्या भुसभुशीत मातीवर बेतलेला प्रयोग आमच्या काळ्या मातीत का फसतो, हे बारा वर्षांच्या पोरानं शोधलं होतं. पोरं नाचली. मीही आनंदात होते. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “ती असती तर पहिल्याच दिवशी सापडली असती.” ‘ती’ कोण हे कुणी विचारलं नाही. ती तेव्हा कुठल्याशा फडात होती. परतीच्या एसटीत मला तेच खात राहिलं.

पाडव्यानंतर

अकरापैकी नऊ जण पाडव्याच्या मागेपुढे शाळेत परत आले. दोघं आलेच नाहीत. पुड्या तिघांच्याच उरल्या होत्या. बाकीच्या भिजल्या, हरवल्या, एकीची चुलीत गेली.

त्या मुलीची वही होती. तिच्यात धाकट्या भावासाठी लिहिलेला प्रोग्रॅम होता, पाणी आणायचा. शब्द तिचेच, मी फक्त सुटसुटीत लिहिते: वाटेवर जा. टँकर आला असेल तर रांगेत उभा रहा. नसेल तर परत ये, आईला सांग, थोड्या वेळानं पुन्हा जा. घागर भरेपर्यंत तिथून हलू नको. कळशी आपलीच आहे का बघ. भाऊ सात वर्षांचा. खाली तिनं दोनदा दुरुस्त्या केल्या होत्या, प्रत्येकीपुढे ‘अळी’ लिहून. पहिली अळी अशी: भाऊ टँकर येईपर्यंत येत-जात राहिला आणि जेवायला आलाच नाही, कारण कधी थांबायचं ते लिहिलं नव्हतं. कधीच न थांबणारा फेरा ही आमच्या धंद्यातली रोजची चूक. ‘जर-तर’ आणि ‘तोपर्यंत’ या गोष्टी मी सोळा जणांना दिवाळीनंतर पट्ट्यांवर शिकवल्या, आणि हिनं त्या कोपीत बसून स्वतः घडवल्या.

एप्रिलमध्ये परीक्षेआधी एकच शनिवार मिळाला. पेटी तिच्यापुढे ठेवली. दीड तासात काय होणार? तिनं स्वतःचं नाव दिव्यांवरून सरकवलं आणि विचारलं, हे हंगामाला नेता येतं का.

यावर मी आणि बाई मे महिनाभर फोनवर बोलत होतो. आधी सोपं, मग अवघड, शेवटी सगळ्यात रंजक, हा क्रम जून ते एप्रिल वर्गात बसणाऱ्या मुलांसाठी आहे. इथं तो लावला की ठरावीक मुलांच्या वाट्याला दरवर्षी फक्त तयारीच येते. म्हणून दुसऱ्या वर्षी उलटं केलं. जुलैच्या पहिल्या शनिवारी पेटी उघडली, मुलं तीन-तीनच्या गटात, दर दहा मिनिटांनी पट्टी दुसऱ्याच्या हाती. मैदान आणि चिठ्ठ्या ठेवल्याच, पण अळी शोधायला लागेल तेव्हा. प्रत्येक शनिवार त्या दिवशीच पूर्ण होईल असा बांधला, ‘पुढच्या वेळी बघू’ हे वाक्य वर्गातून काढलं. दसऱ्यापर्यंत प्रत्येक मुलानं निदान एक चालती वस्तू स्वतः केलेली असेल, एवढंच ध्येय.

यात गमावलंही. घाईनं सुरुवात झाल्यानं काही मुलं ठोकळे नकलून लावतात, का लावले ते सांगू शकत नाहीत. ठिपक्यांच्या कार्डांना या वर्षी वेळच मिळाला नाही, ती दिवाळीनंतर मागे राहिलेल्यांसाठी ठेवली. मला हा सौदा पटतो. बाईंना पूर्ण पटलेला नाही, त्या म्हणतात मैदानाचे दोन शनिवार तरी पुढे आणा. बहुधा त्यांचंच बरोबर निघेल.

पट्ट्या हंगामाला पाठवायचा प्रश्न मुख्याध्यापकांकडे गेला. शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत चढवलेली वस्तू गावाबाहेर गेली आणि हरवली तर भरून कोण देणार, ही त्यांची अडचण रास्त होती. म्हणून चार पट्ट्या मी शाळेच्या नावावर चढवल्याच नाहीत. त्या माझ्याच राहिल्या, आणि दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी चार घरांत गेल्या.

ती मुलगी आता सातवीत. तिनं नेण्याआधीच काय करायचं ते ठरवलं होतं: वडील भरून देतात त्या गाड्यांच्या खेपा मोजायच्या. एक बटण दाबलं की एक खेप वाढते, दुसरं दाबलं की एकूण दिसतात. हिशोबाच्या वेळी मुकादमाचा आकडा आणि घरचा आकडा जुळत नाही, म्हणून. वीस मिनिटांत प्रोग्रॅम झाला. तिनं पंधरा-वीस खेपा मोजून पाहिल्या आणि मग, मी न सांगता, सेल काढून परत घातले. आकडा शून्य. वीज तुटली की त्या प्रोग्रॅमला मोजलेलं आठवत नाही. मी म्हणाले, याला उपाय आहे, पण आज शिकवायला वेळ नाही. तिनं क्षणभर विचार केला. मागच्या वर्षीची ठिपक्यांची कार्डं तिच्याकडे अजून होती.

“रोज रातच्याला आकडा वहीत उतरवीन,” ती म्हणाली, “आन् बंद पडलं मधीच, तर कार्डं लावून ठेवीन.” पट्टी आणि आठ सेल तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि वहीबरोबर दप्तरात ठेवलं.